एकशे वीस, ऐंशी

ही गोष्ट मी स्वतःच्या कानांनी ऐकलेली आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कुणी आपलीच अब्रू उगाच चव्हाट्यावर मांडत नाही, एवढं तरी मान्य कराल.

दिवस गुरुवार. वेळ दुपारची, सव्वातीन.

अशा गोष्टींना रात्र लागते म्हणतात. माझ्या गोष्टीला लागली नाही. आमचं जेवणाचं टेबल, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, समोर खुर्चीत माझी पुतणी... तिथेच सगळं सुरू झालं.

आधी माझ्याबद्दल सांगतो. एकतीस वर्षं मी अॅम्ब्युलन्सवर मदतनीस आहे. चालक पुढे, मी मागे, पेशंटजवळ. शनिवारी सकाळी एका शाळेत मुलांना प्रथमोपचार शिकवतो. सातवीची बावीस मुलं. कुठलीही गोष्ट तीनदा समजावून सांगायची माझी खोड, म्हणून गाडीवरचे लोकही मला 'मास्तर' म्हणतात.

यंदा नियम बदलला. परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र घेतल्याशिवाय कुणालाही गाडीवर चढता येणार नाही आणि कुणाला शिकवताही येणार नाही.

गाडी तशीही तीन वर्षांनी सुटणारच होती. पण शनिवार सुटला असता तर माझ्याजवळ काय उरलं असतं?

म्हणून मी परीक्षेला बसलो. पुतणीही त्याच परीक्षेला बसली होती. वय बावीस, जीभ तिखट.

"काका, तुम्ही नापास झालात तर मी ओळख दाखवणार नाही हं."

"आणि तू नापास झालीस तर?"

"तर सांगेन, काकांनी शिकवलं होतं."

आम्ही बीपी मोजण्याचा सराव करत होतो. परीक्षा केंद्राने त्यासाठी खास स्टेथोस्कोप दिला होता. हाताला लावायची चकती एकच, पण कानात घालायच्या जोड्या दोन. म्हणजे शिकणारा आणि तपासणारा, दोघांना एकाच वेळी एकच आवाज ऐकू येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दंडाला पट्टा बांधायचा. फुगा दाबून त्यात हवा भरायची. हातातलं रक्त अडतं आणि कानात शांतता होते. मग हवा हळूहळू सोडायची. ज्या आकड्याला पहिला ठक् ऐकू येतो तो वरचा आकडा. आवाज थांबतो तो खालचा. माझ्या सातवीच्या मुलांनाही हे येतं.

मी पुतणीच्या दंडाला पट्टा बांधला. एक जोडी माझ्या कानात, दुसरी तिच्या. हवा भरली आणि सोडायला लागलो.

एकशे चाळीस... शांतता.

एकशे तीस... शांतता.

बरोबर एकशे वीसला आवाज सुरू झाला.

पण तो ठक्-ठक् नव्हता.

खडखड... खडखड... खडखड... एकसारखा, घाईचा, लोखंडी आवाज.

बरोबर ऐंशीला तो थांबला.

"एकशे वीस, ऐंशी," मी म्हणालो.

ती खो खो हसली. "काका, पुस्तकातलं उत्तर काय सांगताय! एकशे चार, सहासष्ट. मी ऐकलं ना आत्ता."

"खडखड ऐकलीस?"

"कसली खडखड? मस्त ठक्-ठक् होतं."

आम्ही कानातल्या जोड्या बदलल्या. माझी तिने घेतली, तिची मी. तिला तेच, एकशे चार. मला तेच... एकशे वीस, ऐंशी.

मग बायकोचा दंड धरला. तिला बीपीची गोळी चालू आहे, वरचा आकडा कधी दीडशेच्या खाली येत नाही.

"एकशे वीस, ऐंशी."

"अहो, इतकं चांगलं बीपी मला लग्नाआधीही नव्हतं," ती म्हणाली.

त्या दोघी हसल्या. मीही हसलो, वरवर.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही कान तपासले. म्हणाले, "मास्तर, कान अगदी ठणठणीत आहेत. तुमचं लक्ष कुठे असतं ते बघा."

परीक्षेला आठ दिवस राहिले होते. मी रोज सराव केला. चालक, शेजारी, दूधवाला, जो सापडेल त्याचा दंड धरला. प्रत्येक दंडावर एकच आकडा. प्रत्येक वेळी तीच खडखड.

मंगळवारी दुपारी पुतणी पुन्हा माझ्यासमोर बसली. दुसरी जोडी तिच्या कानात. मी हवा सोडत होतो. ऐंशीला माझ्या कानातली खडखड थांबली आणि...

पुतणीने मान वर केली.

"काय म्हणालात काका?"

"मी? काही नाही."

"नाही कसं? नळीतून आलं. पण..." तिचा चेहरा उतरला होता. "पण बाईचा आवाज होता."

"काय म्हणाली?"

"'कानात घातलं नाहीत?' असं म्हणाली."

माझ्या हातातला फुगा गळून पडला.

ते वाक्य या जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक मी.

दुसरी जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी, अशाच एका गुरुवारी, दुपारी सव्वातीनला आमच्या गाडीला बोलावणं आलं. एक शिवणकाम करणारी बाई स्टुलावरून पडली होती. वरच्या फळीवरचं कापड काढताना तोल गेला आणि डावी बरगडी मशीनच्या कडेवर आपटली. चालक खाली गाडीतच थांबला; मी वर गेलो तेव्हा ती मशीनसमोर बसून काम करत होती. पायाने चालवायचं जुनं मशीन. खडखड... खडखड...

"काही नाही हो दादा, जरासं गरगरतंय. गिऱ्हाइकाने उगाच फोन केला." तिने बाही वर सारली आणि हात पुढे केला. "मोजा. आकडा चांगला असेल तर मी येत नाही. उद्या शाळेचे अकरा गणवेश द्यायचेत."

चारला माझी पाळी संपत होती. हॉस्पिटलला नेलं असतं तर परतायला सहा वाजले असते.

तिच्या गळ्यात मापाची टेप होती. माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप.

मी पट्टा बांधला. फुगा दाबला. हवा सोडली. काट्याकडे बघितल्यासारखं केलं.

आणि म्हणालो, "एकशे वीस, ऐंशी. एकदम छान."

तिने माझ्या गळ्याकडे बघितलं. भांडायला म्हणून नाही, सहज, जरा लाजतच विचारलं...

"कानात घातलं नाहीत?"

"सवय असते आम्हाला."

ती हसली. "बरं बाई. मी नाही कुणाचं माप असं नजरेने घेत."

मी कागदावर आकडा लिहिला. तिने विश्वासाने खाली सही केली. मी जिना उतरत होतो तेव्हा वर मशीन पुन्हा सुरू झालं होतं.

संध्याकाळी ती गेली. पोटात आतल्या आत रक्तस्राव होत होता. मी खरंच मोजलं असतं तर आकडा नक्की खाली दिसला असता, आणि मी तिला उचलून नेलं असतं.

चौकशी झाली नाही. कागदावर एकशे वीस, ऐंशी होतं ना!

चौथ्या दिवशी तिची बहीण आमच्या ठाण्यावर आली. मला वाटलं, आता गचांडी धरणार. तिने माझ्यापुढे हात जोडले.

"तुम्ही नीट मोजलं होतंत दादा. म्हणून आमच्या मनाला टोचणी नाही."

मी नुसता "हो" म्हणालो.

त्या 'हो'ची लाज मला त्या आकड्यापेक्षाही जास्त वाटते.

मंगळवारी हे सगळं मी पुतणीला सांगितलं. वाटलं, ती चिडेल, काहीतरी लागेल असं बोलेल. पण तिने स्टेथोस्कोप गुंडाळून पिशवीत ठेवला आणि आपल्या दंडावरचा पट्टा स्वतःच सोडवला. मला सोडवू दिला नाही.

परीक्षा शुक्रवारी झाली. लेखी पेपर बरा गेला. दुपारी तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. परीक्षक पस्तिशीचा, माझ्याच हाताखाली तयार झालेला. मला बघून उठून उभा राहिला.

"मास्तर, तुमची परीक्षा मी काय घेणार!"

पेशंट म्हणून केंद्राच्या पहारेकऱ्याला बसवलं होतं. साठीचा, गप्पिष्ट माणूस.

"दुपारपासून सतरा जणांनी दंड पिळलाय," तो म्हणाला. "आता फक्त वाळत घालायचं बाकी आहे."

मी ठरवून गेलो होतो की खोटं बोलायचं नाही. काही वेगळं ऐकू आलं तर तेच सांगायचं. नाही आलं, तर तसं कबूल करायचं.

हवा सोडायला लागलो.

एकशे साठ... शांतता.

एकशे चाळीस... शांतता.

एकशे वीस... खडखड, खडखड, खडखड...

ऐंशी.

परीक्षक पेन घेऊन वाट बघत होता. डोळ्यांसमोर बावीस मुलं आली.

"एकशे वीस, ऐंशी," माझं तोंड म्हणालं.

"बरोबर!" त्याने खूण केली. "पास, मास्तर."

मी चमकून त्याच्याकडे बघितलं. दुसरी जोडी त्याच्या गळ्यात लोंबत होती.

पहारेकऱ्याचंही तिकडे लक्ष गेलं.

"साहेब," त्याने सहज विचारलं, "कानात घातलं नाहीत?"

परीक्षक हसला.

"सवय असते आम्हाला."

हे त्याला कुणी शिकवलं? मीच तर त्याला शिकवलं होतं.

आणि मी काय केलं? मी "थँक्यू" म्हटलं. पिशवी उचलली. बाहेर आलो. अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेलो. खोटं कशाला सांगू, चालताना मला आनंद होत होता. शनिवार वाचला होता.

फाटकाच्या कडीला हात लावला आणि...

खडखड... खडखड... खडखड...

कानात नळी नव्हती. रस्ता रिकामा होता. कुठे दुकान नाही, मशीन नाही.

आवाज थांबेना. मी मागे वळलो.

खोलीत पहारेकरी बाही खाली करत होता. मी त्याच्या दंडाला पुन्हा पट्टा बांधला. या वेळी स्टेथोस्कोप घेतलाच नाही. मनगटावर बोटं ठेवून नाडी धरली. हवा सोडताना नाडी जिथे परत लागते तो वरचा आकडा. खालचा असा कळत नाही, पण वरचा कळतो. बोटांना तरी खोटं लागत नाही, अशी आशा होती.

नाडी लागली एकशे अडुसष्टला.

"मी चुकीचं सांगितलं," मी परीक्षकाला म्हणालो. "ते खोड. आता तू मोज. कानात घालून."

त्याने मोजलं. त्याचा चेहरा पडला.

"एकशे सत्तर... मास्तर, कशाला उकरून काढताय? कागद झालाय."

"कागद झालाय, म्हणूनच."

"मग मला नापास लिहावं लागेल."

"लिही."

पहारेकरी आळीपाळीने आमच्याकडे बघत होता. "म्हणजे काय? जास्त आहे का?"

"जास्त आहे, दादा. आजच डॉक्टरांना दाखवा."

यात माझा मोठेपणा काही नाही. मी फाटकापर्यंत जाऊन आलोय, हे विसरू नका.

मला वाटलं होतं, आता तरी ती माझे कान सोडेल. त्या संध्याकाळी बायकोचं बीपी मोजलं.

एकशे वीस, ऐंशी.

पुतणी पास झाली. मला सहा महिने पुन्हा परीक्षेला बसता येणार नाही. शाळेला पत्र गेलं. शेवटचा एक शनिवार मिळाला.

मी मुलांना सगळं नाही सांगितलं. माझी हिंमत झाली नाही. एवढंच म्हणालो, "बाळांनो, आज एकच धडा. कुणी तुमचं बीपी मोजत असेल तर आधी त्याच्या कानांकडे बघा. गळ्यात नळी दिसली तर विचारायचं, 'कानात घातलं का?' लाजायचं नाही, समोर कितीही मोठा माणूस असला तरी. काय विचारायचं?"

मी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीच्या दंडाला पट्टा बांधला.

"चला, सगळ्यांनी एकदम. एक, दोन, तीन..."

बावीस मुलं एका सुरात ओरडली, "कानात घातलं का?"

वर्ग शांत झाला.

आणि मागच्या बाकाकडून, जरा लाजत, हळू आवाजात...

"कानात घातलं नाहीत?"

मी मान वर केली नाही. त्या मुलीच्या दंडावरचा पट्टाच बघत राहिलो. मला वाटलं, फक्त माझेच कान.

पण पहिल्या बाकावरची ती मुलगी मागे वळून बघत होती.

सगळीच बघत होती.