माणसं पाडणारं घर

भरलेला हंडा परमेश्वरच्या लाथेने उडाला, स्वयंपाकघरभर पाणी झालं, आणि त्या पाण्यात पाय सावरायच्या आत भागुबाईची वेणी त्याच्या मुठीत गेली. पुढच्याच क्षणी त्या माउलीचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं... एकदा आपटलं, पुन्हा आपटलं! गोवराच्या तापात ज्या अंगाला तिने कडुनिंबाच्या डहाळीने वारा घातला होता, त्याच अंगातलं सगळं बळ आज तिच्यावर तुटून पडलं होतं.

"परत गेले, माय! स्टँडवर चहा पिऊन परत गेले लोक," तो दात खात म्हणाला. "घर बगायला परभनीहून निघालेली मानसं ह्या दारापोतर येत न्हाईत. काहून येत न्हाईत? तूच कायतरी सांगायलीस गावात. तुला हे घर इकायचंच न्हाई."

"मी काहून सांगू रं परमू... कागदावर अंगठा तर मीच दिलाय ना," भागुबाई कशीबशी बोलली. कपाळाचं रक्त डोळ्यांत उतरल्यामुळे तिला लेकाचा चेहराही दिसत नव्हता.

त्याने तिला सोडून दिलं. मग हात धुतले, आरशात बघून केसांवरून कंगवा फिरवला, कपाळाला अष्टगंध लावलं आणि बाहेर गल्लीत पाऊल टाकताच समोरच्या म्हाताऱ्याला असा काही गोड राम राम घातला, की ऐकणाऱ्याने म्हणावं, काय गुणाचं पोर आहे! दारूचा थेंब नाही, पत्ते नाहीत, पेडगावात कुणाशी भांडण नाही. त्याचं जे काही होतं, ते सगळं दाराच्या आत होतं.

सून बबिता हळदीची चिमूट घेऊन आली. सासूच्या कपाळावर तिने हळद दाबली. या दोघींमध्ये बोलणं असं उरलंच नव्हतं.

"कोनी इचारलं तर..." भागुबाई पुटपुटली.

"ठाव हाय मला. घसरल्या म्हनते," बबिता म्हणाली आणि सांडलेलं पाणी पुसायला बसली.

घसरले! केवढासा तो शब्द, पण नवरा गेल्यापासून भागुबाईने आपला सगळा संसार त्याच्यावर तोलून धरला होता. तात्यारावाने हे घर उधारीवर नव्हे, घामावर बांधलं होतं. दिवाळी झाली की जोडीने ऊसतोडीला जायचं, फडात पालाखाली राहायचं, आणि हंगाम संपला की एक खोली उभी करायची. अशा चार खोल्या झाल्या, वर स्लॅब पडला, मागे न्हाणी झाली, न्हाणीत धुण्यासाठी त्याने बैलगाडीतून भला थोरला काळा दगड आणून बसवला, आणि मग एक दिवस तो गेला. त्याचं वर्षश्राद्ध व्हायच्या आतच, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून परमेश्वरने आईच्या थोबाडीत मारली. गाल सुजला. शेजारच्या दगडाबाईने भिंतीवरून विचारलं तेव्हा भागुबाईच्या तोंडून निघून गेलं... "न्हानीतल्या दगडावरून घसरले गं."

तिथून जी सुरुवात झाली ती झालीच. कधी दगडावरून घसरली, कधी पायरी चुकली, कधी उंबरा लागला, तर कधी जिन्याने दगा दिला. पोटच्या पोराचं नाव राखायला त्या वात्सल्याने निर्जीव दगडाधोंड्यांवर आळ घेतला आणि त्यांनीही तो मुकाट्याने सोसला! बबिता लग्न होऊन आली. पहिल्याच पोळ्याला तिचा ओठ फुटला, तेव्हा रडणाऱ्या त्या पोरीला भागुबाईने जवळ घेतलं खरं, पण कानात सांगितलं ते हेच, "घसरले म्हन, बाई. घरातलं घरात ऱ्हाऊ दे." त्या दिवसापासून बबिताने सासूला आत्याबाई म्हणणं सोडलं.

दगडाबाईला मात्र भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. एकदा न राहवून ती आली होती, "चल भागे, ठाण्यात जाऊ, मी येते संगं," म्हणाली होती. भागुबाईने तिला दारातूनच हाकललं, "माझ्या लेकाच्या वाईटावर टपलीस का?" आयुष्यभराची मैतरीण, पण त्यानंतर भिंतीवरून विरजणाची देवाणघेवाणही बंद झाली.

आता परमेश्वरने परभणीत दुकान टाकायचं ठरवलं होतं. घर विकायचं म्हणाला, आणि लेकाचं भलं होत असेल तर भागुबाईने तात्यारावाचं घरही ओवाळून टाकलं. तिच्या मनात एक वेडी आशाही होती... शहरात गेला, धंद्यात रमला, की निवळेल पोरगं. रंग दिला, फलक लावला, दलाल नेमला. तरी कुणी फिरकेना. शेवटी परमेश्वरने ब्राह्मण बोलावून वास्तुशांतही केली, आणि त्या संध्याकाळी प्रसादाचा शिरा करपला म्हणून बबिताला पुन्हा मारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दलाल सिद्धोधन मोटारसायकल उभी करून ओट्याशी आला. परमेश्वर घरात नाही हे बघूनच आला असावा. घराची किल्ली त्याने भागुबाईपुढे ठेवली.

"मावशी, आपल्याच्यानं होनार न्हाई हे काम."

"काहून बाबा? भाव लय सांगितलाय का?"

"भावाचं काय घेऊन बसलात." तो घुटमळला, तिच्या कपाळावरच्या हळदीकडे बघून त्याने नजर वळवली. "गिऱ्हाईक स्टँडवर उतरतंय, टपरीवर पत्ता इचारतंय, आन टपरीवालाच सांगतोय... त्या घरात नका जाऊ, ते घर मानसं पाडतंय. सासू पडती, सून पडती. शांत केली तरी पडायल्यात. लेकराबाळांची मानसं असतेत मावशी, कोन येईल?"

सिद्धोधन गेला तरी भागुबाई किल्लीकडे बघत बसून राहिली. तिचं अंतःकरण विदीर्ण झालं होतं. घराचं नाव कुणी शत्रूने बुडवलं नव्हतं, करणी केली नव्हती... तिनेच एकेक शब्द घालून ते बुडवलं होतं! आणि घर विकलं जात नाही म्हणून मार, मार खाल्ला की घसरले, आणि घसरले म्हणून घर विकलं जात नाही... हे चाक तिने स्वतःच्या हाताने फिरवलं होतं. खरं सांगितलं तर घर सुटत होतं, पण लेक बुडत होता. आईच ती! तिने तिसरी वाट शोधली. आता विचारलं कुणी तर सांगायचं, घराला काही नाही, मलाच फेफरं येतं. दगडाने इतके दिवस आळ सोसला, आता तिचा देह सोसणार होता.

परमेश्वरने नवीन गिऱ्हाईक स्वतःच गाठलं. पोखर्णीचे भगवानराव, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आणि त्यांच्या बायको चतुराबाई. टपरी टाळून त्याने त्यांना रिक्षाने मागच्या शिवाररस्त्याने आणलं. भगवानरावांना स्लॅब आवडला, खोल्या आवडल्या. परमेश्वर त्यांना "काका, काका" करत दारं-खिडक्या दाखवत होता. चतुराबाईंचं लक्ष मात्र भागुबाईच्या कपाळाकडे होतं. न्हाणीपाशी आल्यावर त्या थांबल्या.

"वैनी, आमची सून दोन जिवाची हाय," त्या हळूच म्हणाल्या. "रिक्षावाला कायबाय बोलत होता. हाच का तो दगड?"

"दगडाला काय बी न्हाई हो," भागुबाई घाईने म्हणाली. "मलाच फेफरं येतंय. लहानपनापासून हाय. आता परभनीला औषध चालू करायचंय."

परमेश्वरच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. चतुराबाईंनी सुस्कारा सोडला. काम होत आलं होतं... आणि तेवढ्यात बबिता चहाचं ताट घेऊन आली. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला होता, पण ताट पुढे करताना तो सरकला, आणि तिचा मिटलेला, काळानिळा डोळा उघडा पडला.

"अगं बाई! हे काय झालं?" चतुराबाईंनी विचारलं.

बबिताने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा सासूकडे. मग खाली मान घालून, दगडाकडे बोट दाखवत, जरासुद्धा न अडखळता ती म्हणाली, "मी बी तिथंच घसरले."

भागुबाईच्या काळजात सुरी फिरली. तोच शब्द, तीच खाली घातलेली मान, आणि ते दगडाकडे दाखवणारं बोटसुद्धा तिचंच! स्वतः बोलताना तिला तो त्याग वाटला होता... पण या परक्याच्या लेकीच्या तोंडून ऐकताना तो त्याग नव्हता, तो नुसता गुन्हा होता. उद्या या पोरीला मूल होईल, मुलगी होईल, आणि तीही इथेच उभी राहून हेच सांगेल.

"बाई," भागुबाई म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "फेफऱ्याचं मी खोटं सांगितलं. मला कायच होत न्हाई. आन हे घर लय चांगलं हाय. ह्या घरानं आमाला कधी पाडलं न्हाई. माझ्या लेकानं पाडलं. ही पोर बी घसरली न्हाई, त्यानंच मारलंय तिला. खोटं बोलायला मी शिकवलं."

परमेश्वर हसला. "काका, म्हातारीच्या डोक्यावर परिनाम झालाय..." पण भगवानरावांनी चहाचा कप ताटात परत ठेवला होता, आणि ते बघून त्याचं हसू गेलं.

"तूच फूस लावलीस हिला!" तो बबितावर गरजला. न्हाणीतलं धुण्याचं धोपटणं त्याच्या हातात आलं, आणि सगळ्यांच्या देखत त्याने ते बायकोच्या डोक्यावर उगारलं. भागुबाई मध्ये शिरली. तिने उजवा हात वर केला आणि हाड मोडल्याचा आवाज भिंतीपलीकडेही गेला. दुसरा घाव खांद्यावर बसला. चहाचं ताट उडालं, भगवानराव आवरायला धावले तर त्याने त्यांनाही भिंतीवर भिरकावलं. भागुबाई खाली कोसळली, पण कोसळतानाही तिने डाव्या हाताने बबिताला पोटाशी ओढून घेतलं आणि आपली पाठ वर केली. "मार मला," ती म्हणत राहिली, "पन हिला न्हाई... हिला आता न्हाई..." धोपटणं पाठीवर पडत राहिलं.

मग भिंतीवरून दगडाबाई उतरली. त्या वयात ती कशी चढली आणि कशी उतरली, देव जाणे! तिने मागून परमेश्वरची गचांडी धरली आणि सगळी गल्ली ऐकेल असा आवाज काढला. त्याने झटका देऊन सुटका करून घेतली, धोपटणं टाकलं आणि पुढच्या दाराने पळाला... पण दारात गल्ली उभी होती. इतकी वर्षं भिंतीआडून ऐकणारी, घराला नावं ठेवून मोकळी होणारी तीच माणसं. रोज राम राम घेणारा समोरचा म्हातारा पुढेच होता. परमेश्वरने सवयीने हात जोडले. "राम राम, बापू..."

कुणीही राम राम घेतला नाही. तो ओट्यावर मटकन बसला, आणि पोलिसांची गाडी येईपर्यंत माणसं त्याच्याभोवती तशीच उभी राहिली.

परभणीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण बाईंनी हात तपासत सवयीचाच प्रश्न केला, "कशा पडलात, आजी?"

भागुबाईने बबिताकडे बघितलं. चारचौघांत बोलली होती, पण आता ते कागदावर जाणार होतं, आणि तिकडे ठाण्यात तिचा परमू बसला होता... तिला शब्द फुटेना. तेव्हा उशाशी उभी असलेली बबिता पुढे झाली. एवढी वर्षं तोंडात दाबून ठेवलेला आवाज तिने मोकळा केला.

"माझ्या आत्याबाई पडल्या न्हाईत," ती म्हणाली. "त्यांना मारलंय. मला वाचवायला मधी आल्या. लिहा तसं."

आत्याबाई! तो शब्द कानी पडताच हातातल्या वेदनेनेही जे झालं नव्हतं ते झालं. भागुबाई लहान पोरासारखी हुंदके देऊन रडली. बबिताने तिच्या डोळ्यांना पदर लावला आणि स्वतःचे तसेच वाहू दिले.

टपरीवर बातमी पोचायला वेळ लागला नाही. घर निर्दोष सुटलं, आणि गंमत बघा, जिथे कुत्रं फिरकत नव्हतं तिथे माणसं विचारत येऊ लागली. सिद्धोधन स्वतः किल्ली मागायला आला.

"मावशी, गिऱ्हाईक रांग लावायलंय आता."

"बगू दे की घर. चहा बी घेऊ दे," प्लास्टरातला हात सांभाळत भागुबाई म्हणाली. "इकायचं का न्हाई ते माझ्या सुनेला इचार. घर तिच्या नावावर करायलेय मी."

सिद्धोधन आत गेला. बबिता न्हाणीत धुणं धूत होती. ती काय म्हणाली ते भागुबाईला ऐकू आलं नाही, पण तो बाहेर आला तो फलक काढून गाडीला अडकवूनच गेला.

आणि एक दिवस दुपारी, जामिनावर सुटलेला परमेश्वर फाटकाशी येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, अष्टगंध नाही, डोळे खोल गेलेले. भिंतीवरून विरजणाची वाटी देणारी दगडाबाई त्याला बघून तशीच थांबली.

"माय... आत येऊ?"

भागुबाईचा ऊर भरून आला. पाय आपोआप दोन पावलं पुढे गेले. किती वाळला होता! काही खाल्लं असेल का? तिने मागे वळून बघितलं. न्हाणीत धोपटण्याचा आवाज थांबला होता. बबिता उभी राहिली होती, आणि तिचा हात नकळत डोळ्याकडे गेला होता.

"मला इचारू नको, परमू," भागुबाई म्हणाली. "हिला इचार. ही म्हनंल तवा ये."

बबिताने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मग ती खाली बसली आणि पुन्हा धुणं धोपटू लागली.

भागुबाईने डाव्या हाताने पाण्याचा तांब्या भरून आणला, ओट्याच्या कडेला ठेवला, वर फडक्यात बांधलेली भाकरी ठेवली. लेकाकडे बघवलं नाही म्हणून तिने बघितलंच नाही. आत आली, दार लावलं, कडी घातली, आणि दाराला पाठ टेकून रडली. रडून झाल्यावर ती डोळे पुसत न्हाणीकडे निघाली, तशी बबिता ओल्या हाताने तिला धरायला उठली.

"जपून आत्याबाई, साबनाचं पानी हाय."

भागुबाईने तात्यारावाच्या त्या काळ्या दगडावर पाय ठेवला आणि सुनेशेजारी बसली.

"मी न्हाई पडत गं," ती म्हणाली.