हंसाच्या नावाचा खुंट

हे घडलेलं आहे. मी यात काही घातलेलं नाही, काही गाळलेलं नाही. ज्याला खोटं वाटेल त्याने मुरब्याच्या पुढे, खाडीच्या कडेला आमच्या पाड्यावर यावं. शाळा दाखवतो. ती जागाही दाखवतो.

गेल्या वर्षीचा पौष महिना. दिवेलागणीच्या थोडी आधीची वेळ. माझा चुलतभाऊ कमलाकांत शाळेच्या स्वयंपाकखोलीमागे एकटा उभा होता. समोर जमिनीत एक लाकडी खुंट.

खुंट हातभर लांबीचा. ठोकला होता त्यानेच.

आता तो निघत नव्हता.

माझी बायको गेल्यापासून मी संध्याकाळी कमळादादाच्या ओट्यावर जाऊन बसतो. तिथे त्याने मला हे सांगितलं. एकदम नाही. थोडं थोडं.

आमच्या पाड्यात फोनला रेंज नव्हती. बोलायचं तर बंदरावर जा, नाहीतर पाण्याच्या टाकीवर चढ. त्याची बायको, हंसावहिनी, शाळेत पोरांची खिचडी रांधायची. एका दुपारी तिच्या छातीत कळ आली. दादा फोन हातात धरून धावला. बंदरावर. टाकीवर. शाळेच्या मैदानात.

फोन लागला. बोयसरहून गाडीही आली.

गाडी आली तेव्हा वहिनीच्या तोंडावर चादर होती.

म्हणून दादा शाळेच्या समितीत शिरला. पाड्यात टॉवर यायला हवा, बाकी काही बोलायचाच नाही. कंपनी तयार झाली. पण टॉवरएवढी मोकळी जागा एकच होती. शाळेचं मैदान.

मैदानात कुठे, यावर सभा बसली.

मुख्याध्यापिका दीपाली मॅडम म्हणाल्या, "वर्गांपासून लांब पाहिजे."

पाड्यातला तरणा निमेश म्हणाला, "गेटजवळ घ्या. मागं आमचं क्रिकेट हाय."

मासे सुकवून विकणारी गोजराबाई म्हणाली, "आनि खाडीकडं नको. थय आमचं बोंबील सुकतान. टॉवरखालचं बोंबील कोन घेल? बोयसरच्या बाया आदीच नाकं मुरडतान."

"उलट चांगलं," निमेश म्हणाला. "बोंबील फोन लावून सांगल, मी सुकलो म्हनून."

सगळे हसले. दादा हसला नाही.

"स्वयंपाकखोलीच्या मागं," तो म्हणाला. "कव धरायची तशी धरू."

हे जरा सांगायला हवं. समुद्रात ज्या जागी खुंट रोवून जाळं लावतात त्या जागेला आम्ही कव म्हणतो. आमच्या पाड्याची रीत अशी, की खुंट ठोकताना घरातल्या एका माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं. नाव घेतलं की जागा त्या माणसाची. मग तो खुंट दुसऱ्या कुणी उपटायचा नाही. उपटला तर त्याच घराने.

जमिनीवर हे कुणी कधी केलं नव्हतं. पण वाद मिटत होता, म्हणून सगळे उठले. नारळ फुटला. दादाने खुंट धरला.

"हंसाच्या नावानं," तो म्हणाला आणि घाव घातला.



"कमळ्या," गोजराबाई हळू बोलली, "जित्या मानसाचं नाव घे रे."

"ती टॉवर नव्हता म्हनून मेली. नाव तिचंच."

गोजराबाई पदर सावरून घरी गेली. प्रसादाचं खोबरंही घेतलं नाही.

कंपनीचा माणूस आला. दर्पण नावाचा तरणा मुलगा, कामात नेमका. त्याने खुंटाभोवती चुन्याच्या रेघा मारल्या आणि गेला.

सकाळी रेघा नव्हत्या.

वाऱ्याने गेल्या म्हणाव्यात तर तसं नव्हतं. खुंटाभोवतीची जमीन झाडून काढलेली. केरसुणीच्या बारीक रेषा उमटलेल्या. रांधायला बसण्याआधी बाई जागा झाडते ना... तशी.

दर्पणने पुन्हा चुना टाकला. पुन्हा तेच.

दादाचा संशय निमेशवर. गेटजवळची जागा त्यानेच सुचवलेली. दादाने त्याला बंदरावर गाठलं.

"रेघा तू पुसतस."

"काका, मी सकाळी उठून झाडू मारीन? पूर्वीला इचारा. ती हसून हसून मरल."

पूर्वी त्याची बायको. तिला दिवस गेलेले. मागे बसून जाळं सांधत होती.

"आमाला टॉवर नको का, काका?" ती म्हणाली. "मला तर पयला पायजे."

ती खरं बोलत होती, हे दादाला कळत होतं. तरी संशय गेला नाही. मग दुसऱ्यावर गेला. मॅडमवर. शाळेच्या शिपायावर. गोजराबाईवरसुद्धा.

रविवारी दुपारी तो पाळतीवर बसला. शाळा बंद. मैदानात कुत्रंही नव्हतं. चिंचेखाली बसून त्याने नजर खुंटावर ठेवली.

बराच वेळ काही नाही.

मग आवाज आला...

खर्र. खर्र. राख लावून काथ्याने पातेलं घासल्याचा.

दादा उठला. स्वयंपाकखोलीला बाहेरून कुलूप. नळ कोरडा. तो जवळ गेला तसा आवाज थांबला. मागे सरला, तसा पुन्हा सुरू झाला.

पातेलं मोठं होतं. शाळेच्या खिचडीचं असतं तेवढं. आवाजावरून कळत होतं.

सोमवारी त्याने जेवणाच्या सुट्टीत लक्ष ठेवलं. पहिलीची पोरं खिचडी खाऊन उठली. नळावर गेली नाहीत. ताटल्या घेऊन खुंटाकडे गेली, खाली ठेवल्या आणि पळाली. जाताना वळसा घालून गेली. जमिनीवर बसलेल्या माणसाला आपण घालतो, तसा.

या पोरांनी हंसावहिनीला पाहिलेलंही नव्हतं.

दादाने मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "भांड्यांना नवीन बाई लावली ना तुम्ही? चांगली आहे. ताटल्या लख्ख करते."

"तुमी बघलीत तिला?"

मॅडम विचारात पडल्या. "समोरून नाही," त्या म्हणाल्या. "पाठमोरीच असते."

समितीने भांड्यांना कुठलीच बाई लावली नव्हती.

त्या रात्री दादा जेवला नाही. मला म्हणाला, "मला भीती नाय वाटली रे. मला राग आला. सगळ्यांना दिसती. मलाच नाय."

मग खड्डा खणायचा दिवस आला. दर्पण बोयसरहून मजूर घेऊन आला. मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या आणि बाजूला बिड्या ओढत बसले. उन्हं वर आली तरी उठेनात.

दादा चिडला. "काम क्यू नही करता?"

त्यातला म्हातारा मजूर नरमाईने म्हणाला, "चाचा, पहले उनको बोलो ना उठने को. औरत बैठी है. हम कैसे हाथ लगाएँ?"

दादाने खुंटाकडे बघितलं.

ऊन होतं. माती होती. खुंट होता.

मजूर निघून गेले. दुसरे आणले, तेही गेले. दर्पणने दादाला बाजूला घेतलं.

"काका, मी खरं सांगतो. आता साहेब ऐकणार नाहीत. या आठवड्यात काम सुरू झालं नाही तर टॉवर एडवणकडे जाणार. पुन्हा तुमच्याकडे येणार नाही."

"खाडीकडची जागा चालल?"

"चालेल. पण हा खुंट काढा. तो असेपर्यंत तुमचा कुणी माणूस दुसरीकडे घाव घालू देत नाहीये."

ते खरं होतं. गोजराबाईने बोंबील सुकवायच्या दांड्या हलवायचं कबूल केलं होतं. पण आधी खुंट निघायला हवा. आणि तो दादानेच काढायला हवा.

काढला तर टॉवर येणार. नाही काढला तर ती तिथे बसून राहणार. न दिसता का होईना... पण बसून.

तीन दिवस तो घराबाहेर पडला नाही. चौथ्या दिवशी पूर्वीच्या पोटात दुखलं आणि निमेश फोन घेऊन टाकीवर चढला. दादाने खिडकीतून ते बघितलं. दुखणं साधं निघालं. पण दादाने चपला घातल्या.

तीच ती पौषातली संध्याकाळ.

त्याने खुंट दोन्ही हातांनी धरला. ओढला. हलवला. समुद्रातले खुंट उपटलेला माणूस तो. हातभर लाकूड हलेना.

शेवटी तो खाली बसला.

"हंसा," तो म्हणाला, "ऊठ. पोरीचे दिवस भरत आले. गाडी वेळेवर यायला पायजे. तुला मायती हाय."

काही नाही.

"ऊठ गो."

खाडीवरचा वारा थांबला. कावळे गप्प झाले.

मग... अगदी जवळ... पातेलं जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. आणि बांगड्यांचा. गुडघ्यावर हात टेकून बाई उठते तेव्हा होतो, तसा.

खुंट हातात आला. भिजल्या वाळूतून यावा तसा सहज.

लाकूड गार होतं. फक्त मधली मूठभर जागा गरम होती. कुणीतरी इतके दिवस धरून ठेवल्यासारखी.

टॉवर खाडीकडे उभा राहिला. फाल्गुनात पूर्वीला कळा आल्या. निमेशने घरातूनच फोन लावला आणि गाडी वेळेवर आली. मुलगी झाली. पाड्यात पेढे वाटले. दादानेही खाल्ला.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण त्यानंतर पाड्यात एक सुरू झालं. सकाळी कुणाचं तरी मागचं दार बाहेर ढकललं की उघडत नाही. कडी काढलेली असते. फळी फुगलेली नसते. बाहेरून कुणी टेकून बसल्यासारखं जड लागतं. थोडं थांबलं की आपोआप सैल होतं. एक दिवस गोजराबाईकडे. एक दिवस निमेशकडे. मागच्या महिन्यात माझ्याकडेही.

मी दार पुन्हा ढकललं नाही. उभा राहिलो.

दादाला हे कळलं. तो म्हणाला, "मी तिला ऊठ म्हनालो. घरी चल म्हनायचं राहिलं."

आता तो रोज पहाटे आपलं मागचं दार हळूच ढकलतो. तळहात पसरून, जपून.

ते रोज उघडतं.