ऑगस्टातलं वाळवंट

मिल्टन कीन्समध्ये माणूस हरवत नाही, नुसता फिरत राहतो. ते गाव आखणाऱ्यांनी चौक असे ठेवलेच नाहीत, ठेवले ते गोल. एका गोलातून सुटावं तर पुढे दुसरा, मधोमध तीच झुडपं, तीच हिरवळ, तोच पाऊस. हल्ली गाडीतली बाई गोड आवाजात सांगते की तिसऱ्या वळणाला बाहेर पडा. एक्क्याण्णव सालच्या त्या ऑक्टोबरात अशी बाई निघालेली नव्हती. मंजिरी गद्रे होती, तिची लाल चिमुकली गाडी होती, आणि महाराष्ट्र मंडळातल्या अनुराधाताईंच्या नव्या घरी सत्यनारायण होता, ज्याची आरती एव्हाना सुरू झाली असणार होती.

तेवढ्यात तिला पुढे एक निळी गाडी दिसली. मागच्या काचेशी केळ्यांचा घड, एक नारळ आणि स्टीलचा डबा. रविवारी सकाळी एवढं सामान घेऊन इंग्लंडात फिरणारा माणूस दुसरीकडे कुठे जाणार? मंजिरीने देवाचे आभार मानले आणि त्या नारळाच्या मागे गाडी लावली.

पहिला गोल झाला, दुसरा झाला. तिसरा पहिल्यासारखाच दिसत होता, कारण तो पहिलाच होता. निळी गाडी हळू झाली, मंजिरीही हळू झाली. निळी गाडी कडेला सरकली, तीही सरकली. शेवटी पुढच्या गाडीतून छत्री उघडत एक उंच तरुण उतरला आणि तिच्या काचेवर टकटक केली.

"माफ करा, पण तुम्ही पुढे का जात नाही?"

"मी? मी तर तुमच्या मागे येतेय!"

"आणि मी तुम्हाला पुढे जाऊ द्यावं म्हणून केव्हाचा गाडी हळू करतोय. आरशात टिकली दिसली. म्हटलं, चला, हिला पत्ता माहीत असणार."

मग मंजिरी हसली… आणि छत्री धरलेला तो माणूस स्वतः भिजत होता, हे तिच्या त्यानंतर लक्षात आलं. छत्री तिच्या खिडकीवर होती.

"नकाशा आहे ना तुमच्याकडे," शेजारच्या सीटकडे बघत तो म्हणाला.

"आहे. पण मोरोक्कोचा आहे."

"तरीच सापडत नव्हतं," तो म्हणाला. चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

त्याचं नाव जयंत. मूळचा साताऱ्याचा, मिल्टन कीन्समधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायला आलेला. दोघं पोचले तेव्हा आरती, कथा सगळं आटोपलं होतं. राहिला होता फक्त शिरा. कागदी ताटल्या घेऊन ते कार्पेटच्या कडेला बसले. मंजिरीने मोरोक्कोचा खुलासा केला.

ती वॉटफर्डच्या शाळेत भूगोल शिकवायची. जन्मही वॉटफर्डचाच. मराठी छान बोलायची, फक्त वस्तूंना पुल्लिंगी करायचं की स्त्रीलिंगी, हे ती त्या त्या दिवशीच्या मूडवर सोडून द्यायची.

"तीन वर्षं मी वाळवंट शिकवतेय. वाऱ्यांचे बाण काढते, फळा भरून. आणि परवा एक मुलगी म्हणते, मिस, तुम्ही कधी गेलाय? मी म्हटलं, नाही. तर सगळा क्लास माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मी वाळवंट घरी बसून बनवलाय."

"म्हणून जाणार?"

"म्हणून जाणार. इथून फ्रान्स, स्पेन, मग बोटीने पलीकडे. खाली दक्षिणेला एक किनारा आहे, पांढरा. एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला अटलांटिक. रस्ताच नाही! ओहोटी लागली की ओल्या वाळूवरनं गाडी घालायची आणि भरती यायच्या आत बाहेर पडायचं."

"समुद्र इतका शेजारी, तरी वाळवंट?"

"थंड प्रवाह आहे ना. हवा थंड राहते, वर चढतच नाही. धुकं येतं, पण पाऊस नाही."

"म्हणजे इतकं जवळ असून…"

"इतका जवळ असून काहीच होत नाही," मंजिरी म्हणाली, आणि का कोण जाणे, शिऱ्यात बेदाणा शोधायला लागली.

"कधी निघायचं?"

"ऑगस्ट."

"उन्हाळ्यात वाळवंटात कोण जातं?"

"टीचर्स," मंजिरी म्हणाली. "आम्हाला सुट्टी तेव्हाच असते."

जयंतने ताटली खाली ठेवली. "माझ्या मामाचं जीपचं गॅरेज आहे. मला इंजिन कळतं," तो म्हणाला. ज्या काळात मुलं फुलं द्यायची, त्या काळातलं हे वाक्य. मंजिरीला आजवर कुणी इतकं रोमँटिक बोललं नव्हतं.

हिवाळाभर बेत शिजत राहिला. बेडफर्डशरच्या एका शेतकऱ्याने टाकून दिल्यासारखी ठेवलेली जुनी लँड रोव्हर वॉटफर्डला मंजिरीच्या घरच्या गॅरेजमध्ये येऊन बसली. दर रविवारी जयंत यायचा. गाडीखाली तो, वर टॉर्च धरून ती. कधी पाना देताना बोटं लागायची. मग दोघंही पान्याकडे असं बघायचे, की जणू चूक पान्याची आहे.

"टॉर्च इकडे धर ना. माझ्या तोंडावर नको."

"सॉरी. मला वाटलं, बिघाड तिथेच आहे."

एवढं सुरळीत चाललंय म्हटल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना जाग येणं भागच होतं.

मंजिरीचे वडील, डॉ. शशिधर गद्रे, भूल देणारे डॉक्टर होते. दिवसभर लोकांना झोपवायचे, म्हणून की काय, घरी कुणाला स्वस्थ बसू देत नसत. एका रविवारी ते गॅरेजच्या दारात उभे राहिले.

"दोघंच जाणार? लोक काय म्हणतील?"

"बाबा, हे वॉटफर्ड आहे. इथे लोक कुठे आहेत?"

"थोडे आहेत. पण बोलतात भरपूर." त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. पुढे तीन सीट होत्या. "मधली माझी," ते म्हणाले.

मंजिरीला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल. पण बाबा त्या वाळवंटाच्या असे नादी लागले की ज्याचं नाव ते. उन्हाची टोपी आणली. दाढी करताना कॅसेट लावून फ्रेंच शिकायला लागले. दर माणशी पाणी किती, मीठ किती, घाम किती, याचे तक्ते गॅरेजच्या भिंतीवर चढले. रविवारी आता गाडीखाली जयंत आणि टॉर्च धरायला बाबा. आतून "वा! वा!" ऐकू यायचं. मंजिरी दारात जाऊन उभी राहिली, तर बाबा म्हणायचे, "मंजू, उजेड अडतोय."

आई, म्हणजे सुप्रभाताई, खिडकीत भाजी चिरत हे सगळं बघत असत.

"मंजू, एक विचारू? हा तुझा प्रवास आहे की ह्यांचा हनिमून?"

"आई, प्लीज!"

"नाही, तुझ्या बाबांनी माझ्यासाठी कधी टोपी घेतली नव्हती, म्हणून म्हटलं. आणि तो जयंता? तो काही बोलला की नाही?"

"बोलतो ना. गिअरबॉक्सबद्दल."

सुप्रभाताईंनी उरलेला मुळा एका घावात उडवला.

मेमध्ये भरती-ओहोटीचे तक्ते मिळाले. मंजिरीच्या हिशेबाने सगळ्यात मोठी ओहोटी ऑगस्टच्या अगदी शेवटी होती, किनारा तेव्हा सर्वात रुंद. जयंत म्हणाला, नको, आधीच जाऊ. तो एरवी कशालाही हट्ट धरत नसे, म्हणून हा हट्ट तिला खटकला.

"महिनाअखेरीला मला परत यायला हवं."

"का?"

"काम आहे थोडं," तो गाडीखालून म्हणाला. त्याच्या बुटांकडे बघून तिला काहीच कळेना.

कळलं ते दुसऱ्या दिवशी, ब्रेकफास्टला. बाबा टोस्टला लोणचं लावत सहज बोलून गेले की गुणी मुलगा, ऑगस्टअखेर त्याचं वर्क परमिट संपतं, मग साताऱ्याला परत.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तो म्हणाला, मंजिरीला इतक्यात सांगू नका." बाबांना आपलं काय चुकलं तेच कळलं नाही. त्यांनी लोणच्याची बरणी तिच्याकडे सरकवली.

म्हणजे तो जाणार होता. तिच्या गाडीचं इंजिन ठीक करून, तिला वाळवंट दाखवून, सभ्यपणे हात हलवून जाणार होता. आणि हे त्याने सांगितलं कुणाला, तर बाबांना! मंजिरीने ठरवलं की आपण विचारायचं नाही. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. पुढचे दोन रविवार तो गिअरबॉक्सबद्दलच बोलला.

जूनमध्ये गाडीची परीक्षा ठरली. लेटन बझर्ड गावाजवळ वाळूच्या खाणी आहेत. त्यातल्या एका बंद पडलेल्या खाणीत रविवारी हौशी लोकांना गाडी घालू देत. पिवळीधमक वाळू, चहूकडे उंच कडे, वर बेडफर्डशरचं राखाडी आभाळ. हवा अशी की बाबांनी उन्हाच्या टोपीखाली मफलर गुंडाळला होता. ते मध्ये बसले होते, गिअरचा दांडा गुडघ्यांमध्ये घेऊन, आणि दर वेळी गिअर बदलताना जयंत म्हणायचा, "सॉरी, काका." त्याच्या शेजारी काका, काकांच्या पलीकडे खिडकीबाहेर बघणारी मंजिरी. पहिल्याच टेकाडावर गाडी रुतली.

बाबांचा आनंद काय विचारता! ते टुणकन उतरले, चाकांतली हवा कमी केली, फावडं चालवलं, आणि मग हुकूम सोडले. "मंजू, तू चालवायला बस! जयंत, तू शेजारी! मी मागून रेटतो. आणि हे बघा, निघालात की थांबायचं नाही. मऊ वाळूत थांबलं की संपलं! ती समोर कडक जमीन दिसतेय ना, थेट तिथे जायचं!"

गाडी गुरगुरली, डुलली, आणि एकदम मोकळी झाली. समोर कडक जमीन होती, अगदी जवळ. मंजिरीने ती पाहिली, स्टिअरिंग गर्रकन फिरवलं आणि गाडी पुन्हा वाळूत घातली.

"मंजिरी, जमीन तिकडे आहे!"

"दिसला मला."

"मग?"

"मग काही नाही. मी थांबणार नाही. तू सांगेपर्यंत मी इथे गोल फिरणार. पेट्रोल भरपूर आहे, बाबांनी तक्ता केलाय."

"काय सांगू?"

"बाबांना जे सांगितलंस, ते. आणि बाबांना जे नाही सांगितलंस, तेही."

गाडी खाणीच्या कड्याकडेने धावत होती. दोघंही उसळत होते, मधली सीट रिकामी होती. लांब खाली बाबा फावडं हवेत हलवत काहीतरी ओरडत होते.

"मंजिरी… मी विचारलं असतं," जयंत म्हणाला. "पहिल्या दिवशीच विचारलं असतं. तू मोरोक्कोचा नकाशा घेऊन मिल्टन कीन्स शोधत होतीस तेव्हाच. पण मी आत्ता विचारलं तर होम ऑफिस म्हणणार, इथे राहायला मिळावं म्हणून केलं. तसा नियमच आहे, नवऱ्या मुलानेच सिद्ध करायचं की लग्न व्हिसासाठी नाही. महाराष्ट्र मंडळही तेच म्हणेल. आणि कधीतरी आपण भांडू, तेव्हा तूही म्हणशील."

"मी म्हणेनच! भांडणात मी काहीही म्हणते."

"बघ!"

"पण म्हणून तू कंपनी देत राहिलास, त्या थंड समुद्रासारखा? शेजारी बसायचं आणि पाडायचं नुसतं धुकं?"

जयंतने डॅशबोर्ड आणखी घट्ट धरला. मंजिरीने एक वळण घेतलं, वाळूचा फवारा उडाला, आणि तिला एकाएकी सगळं सोपं दिसायला लागलं. वर्गात एखादं पोर अवघड प्रश्न विचारतं आणि उत्तर फळ्यावरच असतं, तसं.

"जयंत, साताऱ्यात शाळा आहेत?"

"काय?"

"शाळा. जिथे भूगोल शिकवतात."

"आहेत… बऱ्याच आहेत."

"मग मी येते साताऱ्याला. माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. मला व्हिसा लागतो इंडियाचा. म्हणजे आता मी तुला विचारते, आणि सगळे म्हणू देत, हिने व्हिसासाठी केलं."

जयंत तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या त्या कधी न हलणाऱ्या चेहऱ्यावर आधी एक कोपरा हलला, मग दुसरा. "मंजिरी, साताऱ्याच्या व्हिसासाठी कुणी लग्न केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही."

"मी पहिली. हो की नाही?"

"तिथे उन्हाळा एप्रिलमध्ये असतो. ऑगस्टमध्ये चिखल. तुला…"

"हो की नाही, जयंत?"

"हो," तो म्हणाला. आणि मग, इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल असं वाटून, मोठ्याने, "हो! केव्हाचं हो!"

मंजिरीचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

गाडी थांबली आणि अत्यंत समाधानाने, आवाज न करता, चारही चाकांनी वाळूत बसली. इंजिन बंद पडलं. खाणीत एकदम शांतता झाली, इतकी की टायरांवरून घसरणारी वाळू ऐकू येत होती. जयंतने तिचा हात हातात घेतला. हाताला ग्रीस होतं, दोघांच्याही. कुणी पान्याला दोष दिला नाही.

बाबांना पोचायला बराच वेळ लागला. मऊ वाळूत, पन्नाशीच्या पुढे, फावडं खांद्यावर. ते धापा टाकत खिडकीशी आले आणि तोंड उघडून "सांगितलं होतं ना, थांबू नका म्हणून" एवढं म्हणणार होते. त्यांनी ते हात पाहिले, मग मुलीचा चेहरा पाहिला. ऑपरेशन टेबलावर भूल चढली की नाही, हे ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"काका, मी… आम्ही…" जयंत दार उघडायला लागला.

"बस, बस. आतच बसा दोघं," बाबा म्हणाले. "बाहेर फार ऊन आहे."

आभाळात उन्हाची एक तिरीप नव्हती. डॉ. गद्र्यांनी दार बाहेरून लोटून घेतलं, मफलर सारखा केला, गाडीच्या मागे जाऊन त्यांच्याकडे पाठ केली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, अजिबात घाई न करता, सावकाश वाळू उपसायला घेतली.