द्यायचा राहिलेला कोळसा

टोपलीत चार वस्तू होत्या. पाव, मिठाची पुडी, एक नाणं आणि मुठीएवढा दगडी कोळसा.

मी स्वतः भरल्या होत्या, म्हणून खात्रीने सांगते. पुढचं कुणाला पटलं नाही तरी माझा वाद नाही. मी तिथे होते.

१ जानेवारी २००७. मॅसॅच्युसेट्समधलं श्रूजबरी. मी केमिस्ट्रीत मास्टर्स करत होते आणि सरलामावशीकडे राहत होते.

शेजारच्या डोरिस आजी मूळच्या इंग्लंडच्या, यॉर्कशरच्या. एकट्याच राहायच्या. त्यांच्याकडची जुनी रीत अशी, की नव्या वर्षात घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाने टाकायचं आणि येताना या चार वस्तू आणायच्या. कोळसा आला की घर वर्षभर उबदार राहतं. हा कोळसा आजी स्वतःच आदल्या दिवशी आमच्याकडे देऊन ठेवायच्या.

गल्लीत काळ्या केसांचे पुरुष एकच, मावशीचे यजमान राजीवकाका. दरवर्षी मान त्यांचाच.

"यंदा डाय केलाय, हे तिला सांगू नका," काका बूट घालताना म्हणाले.

"तिला दिसत नसेल होय," मावशी म्हणाली.

काका परत आले आणि बूट काढताकाढता म्हणाले,

"नेत्रा, कोळसा ठेवायला विसरलीस का गं? डोरिस टोपलीत हात घालून शोधत होती."

मी ठेवला होता.

मावशी सिंकपाशी भांडी घासत राहिली.

दुसऱ्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. आजींचं हीटिंग रात्रीत बंद पडलं. सकाळी त्या खुर्चीतच सापडल्या... दोन स्वेटर, वर कोट.

डॉक्टर म्हणाले, हार्ट.

त्याच संध्याकाळी आमच्या गराजमधून आवाज आला.

खर्र... खर्र...

रिकाम्या फरशीवरून लोखंडी फावडं ओढावं तसा.

मी पाइप तपासले. उंदीर शोधले. काही नाही. लाइट लावला की आवाज थांबायचा. बंद केला की...

खर्र...

असे काही दिवस गेले. मग एकदा मावशी माझ्यामागून गराजमध्ये आली. रंगाच्या डब्यामागून तिने ब्रेडची पिशवी काढली.

आत कोळसा होता.

"वर्षाच्या पहिल्या दिवशी कुणाच्या दारात असं काळं नेतात का? मला बरं वाटेना. म्हणून काढून ठेवला."

"मावशी, त्यांचा हीटर जुना होता. कोळशाने काय होणार होतं?"

"ते मला नको सांगूस. ती शोधत होती ना."

आम्ही दोघी तेव्हाच शेजारी गेलो. घर बंद. वीज तोडलेली. मावशीने वाकून दोन्ही हातांनी कोळसा उंबऱ्यावर ठेवला.

"डोरिस, चुकलं माझं," ती मराठीतच म्हणाली.

बंद दाराच्या आतून एकदाच आवाज आला.

खर्र...

मग शांतता.

त्या रात्री गराज गप्प होतं. बऱ्याच दिवसांनी मावशीला झोप लागली.

सकाळी तिनेच दार उघडलं आणि मला हाक मारली. आवाज अगदी बारीक.

रात्री बर्फ पडला होता. अंगणात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

आमच्या उंबऱ्यावर... तोच कोळसा. त्याच्याभोवती हातभर बर्फ वितळलेला.

"घेतला नाही तिने," मावशी म्हणाली. ती खाली बसली, पण कोळशाला हात लावेना.

मी आतून थर्मामीटर आणला. हवेत धरला. उणे अकरा.

मग कोळशाला टेकवला आणि पारा स्थिर होईपर्यंत थांबले.

सदतीस अंश सेल्सिअस. जिवंत माणसाच्या अंगाइतकं.