खड्ड्याआधीचा आवाज

देवराव मिस्त्रींच्या कानाला लकडगंजातल्या गॅरेजांत तोड नव्हती. बाकीचे आधी पाना उचलत, हे आधी डोळे मिटत. दीपमालाला ते बघायला फार आवडायचं. तिच्या घरची पिकअप रोज भिवापूरहून मिरची आणायची, नवरा दुर्गेश ती चालवायचा, आणि पुढच्या चाकापाशी ठकठक सुरू झाली तेव्हा ती तडक देवरावांकडे आली.

त्यांनी गाडी जॅकवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं, तर चाकाला धरून ठेवणारा बॉल जॉइंट ढिला. डावी-उजवीकडे हलवलं, तर स्टेअरिंगचे सांधे ठणठणीत. मग टॉमीची लोखंडी कांब आत घालून जरासा रेटा दिला आणि फाटलेला रबरी बुश बोटानं दाखवला. दोन्ही भाग नवे बसले. ठकठक मात्र तशीच.

देवराव तिच्यासोबत चक्कर मारायला निघाले. गाडी ती चालवत होती, ते डोळे मिटून बसले होते.

"बाई, आवाज खड्ड्यात नाही येऊन राहिला," ते म्हणाले.

"मंग?"

"खड्ड्याच्या आधी."

तिनं लक्ष दिलं. ठक्. एक श्वास गेला, मग चाक खड्ड्यात आदळलं, बिनआवाज. पुन्हा तसंच. देवरावांनी सगळं पुन्हा उघडून पाहिलं, आणि प्रत्येक खेपेला ते अंतर वाढत गेलं. शनिवारी तर बंद गाडीनं दुकानातच तीन ठोके दिले. मग गाडी बाहेर काढली, आणि ठोक्यांनंतर बरोबर दहा मिनिटांनी चौकात तीन खड्डे लागले.

"मले समजत नाही," देवराव म्हणाले. एवढा नावाजलेला माणूस हे सरळ सांगतो, याचंच तिला जास्त कौतुक वाटलं. "पण सांधे पक्के हायेत. चालवा."

रविवारी लेक नूपुर हट्टानं बापासोबत भिवापूरला गेली. दुपारी दीपमाला देवरावांच्या दुकानात बसली असताना दुर्गेशचा फोन आला. देवरावकाका समोरच आहेत म्हणत तिनं स्पीकर लावला.

"काका, तुमी कमाल केली," दुर्गेश खुशीत होता. "उमरेड सोडलं तवापासून गाडी एकदम चूप. रस्ता पुरा उखडला हाये, पण आवाज नाही."

देवरावांनी पाना खाली ठेवला.

"किती वेळ झाला?"

"आठ-नऊ मिनिटं."

"गाडी बाजूले घे. पोरीले घेऊन खाली उतर."

"काहून?"

"आधी उतर. पुढचे खड्डे वाजून नाही राहिले, म्हणजे गाडी तिथवर पोचतच नाही."

इंजिन थांबल्याचं ऐकू आलं. एक दार वाजलं, मग दुसरं.

देवराव घड्याळाकडे बघत होते. एक मिनिट गेलं, मग दुसरं.

"आई," नूपुरचा आवाज आला, "गाडी बंद हाये, तरी ठकठक करून राहिली."

दीपमालानं देवरावांचे पाय धरले. पुढं रस्त्यावर काय होतं, ते तिनं विचारलं नाही आणि देवरावांनी सांगितलं नाही. ते चाक पुन्हा कुणी उघडायचं नाही, एवढंच ते म्हणाले.

आता ती रोज सकाळी बॉनेटला कान लावते. ठोका ऐकू आला की दुर्गेशला निघ म्हणते. जाता जाता तो नूपुरला शाळेत सोडतो.

आज नूपुर दप्तर मांडीवर घेऊन कधीची सीटवर बसली आहे. शाळेची घंटा होऊन गेली. दीपमालाचा कान अजून बॉनेटलाच आहे.