अपेक्षाचं धुळीचं कडं

अपेक्षा लॅपटॉप काखेत मारून नायगावच्या चाळीतून तरातरा उतरली, ती थेट बांधकामाच्या पत्र्यांपाशी. पलीकडे शेजारची चाळ पाडणं चाललं होतं. हेल्मेटवाला जो पहिला माणूस दिसला, त्याला तिने सुनावलं, की तुमची धूळ माझ्या लॅपटॉपच्या पंख्यात गेली, तो तापून बंद पडला आणि चार दिवस चाललेलं गणित वाया गेलं.

तो राजरत्न, साइट इंजिनिअर. धुळीवर पाणी मारून घेणं त्याचंच काम. त्याने ऐकून घेतलं आणि गणित कसलं, ते विचारलं.

"धुळीचं," अपेक्षा म्हणाली.

ही चेष्टा करतेय, असं त्याला वाटलं. मग तिने समजावलं — काही दीर्घिकांच्या मधोमध भलंमोठं कृष्णविवर असतं, त्याच्या आसपास झगझगीत उजेड, आणि भोवती धूळ-वायूचं जाडजूड कडं, मेदूवड्यासारखं. पीएचडीसाठी ती ते कॉम्प्युटरवर घडवत होती. पण तिचा वडा दर वेळी बसून चपाती व्हायचा. महिन्याभरात जमलं नाही, तर विषय सोडावा लागणार होता.

राजरत्नने पंखा साफ करून दिला. दुसऱ्या दिवशी तो चालतोय का बघायला आला. तिसऱ्या दिवशीही आला. अपेक्षाच्या आईने, मालनताईंनी, चहा देताना विचारलं, की असा कुठला पंखा, जो रोज बघावा लागतो.

एका संध्याकाळी गॅलरीतून खाली बघत तो म्हणाला, "धूळ माझ्याकडे पण बसते... मग ट्रक जातो, परत उडते. तुमच्याकडे ट्रक कुठला?"

अपेक्षा कप ठेवून लॅपटॉपकडे धावली. धुळीला बाहेर ढकलणारा मधल्या उजेडाचा रेटा तिने गणितात फक्त सुरुवातीला धरला होता. आता तो सतत ठेवला. धूळ पडायची, उजेडाने उडायची, परत पडायची. कडं जाडच राहिलं.

गाइड खूश झाले. ही कल्पना सुचवणारे राजरत्न कुठल्या संस्थेत असतात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिला हसू आवरेना.

हे सांगायला ती धावत साइटवर आली, तर तो सामान आवरत होता. सोमवारपासून त्याची शीवच्या साइटवर बदली झाली होती.

"आता इकडे यायला कारण नाही..." तो चाचरत म्हणाला.

"रविवारी जेवायला ये. आईला मी सांगितलंय."

"काय सांगितलंयस?"

"तू मला आवडतोस म्हणून," अपेक्षा म्हणाली. "तुलाच सांगायचं राहिलं होतं."