दुसऱ्या दिवशीचं हसू

डोळ्यांचे डॉक्टर त्या चष्म्याच्या दुकानात पहिल्यांदा आले, ते फ्रेमचा स्क्रू पडला म्हणून. स्क्रू दुकानातल्या कारागिरानंच बसवून दिला, दोन मिनिटांत... आणि पुढे महिनाभर पस्तावला. कारण डॉक्टर रोजच यायला लागले. काउंटरवर कोपर टेकून इंग्रजीत काहीतरी गमतीचं बोलायचे आणि काउंटर सांभाळणारी ती खळखळून हसायची.

तो काचेच्या पार्टिशनमागे भिंगं घासायचा. विनोद ऐकू यायचा, कळायचा मात्र नाही. एकेक शब्द ओळखीचा, पण सगळे एकत्र आले की अनोळखी. नुसता तिळपापड व्हायचा त्याचा. मग ते वाक्य भिंगाच्या पाकिटावर लिहून तो संध्याकाळी ताईपुढे ठेवायचा. ताई शाळेत इंग्रजी शिकवायची.

"बकेटला लाथ मारली म्हणजे काय गं?" एकदा त्यानं विचारलं. "बोलणं तर नंबर तपासायच्या मशीनचं चाललं होतं. दुकानात बकेट नाहीच."

"अरे वेड्या, मशीन गचकलं असं म्हणायचंय त्यांना. इंग्रजीत माणूस मरता मरता बादलीला लाथ मारून जातो."

दुसऱ्या दिवशी भिंग घासता घासता त्याला बादली लाथाडणारं ते मशीन दिसायला लागलं आणि तो एकटाच फिसकन हसला. तिनं वळून पाहिलं. त्यानं घाईनं मान खाली घातली. मग हे रोजचंच होऊन बसलं.

आज मात्र डॉक्टर तिच्याशी साध्या, सरळ मराठीत बोलले. "माझ्या नव्या दवाखान्यात या कामाला. पगार दीडपट. उद्या सांगा."

आत त्याच्या हातातलं भिंग चरकन ओरखडलं.

डॉक्टर गेल्यावर तो बाहेर आला. "जाणार असाल ना?"

"का जाऊ नये?"

"जा की. दिवसभर हसायला मिळेल."

"तुमच्या नाकाला का मिरच्या झोंबल्या?"

"झोंबल्याच." तो थांबला. "त्यांचं बोलणं तुम्हाला लगेच कळतं... मला ताईला विचारावं लागतं. पण जाऊ नका. मला आवडता तुम्ही — आणि तुम्ही दुसऱ्या कुणासाठी हसलेलं मला बघवत नाही."

ती कितीतरी वेळ एकच फ्रेम पुसत राहिली.

"मला एक अक्षर कळत नाही त्यातलं," ती हळूच म्हणाली. "ते हसले की मी हसते. गिऱ्हाईक आहेत ना! पण दुसऱ्या दिवशी तुम्ही आत एकटेच फिसकन हसता... तेव्हा मला खरं हसू येतं. कशाला, ते माहीत नसलं तरी."

"मग... उद्या काय सांगणार त्यांना?"

"नाही म्हणून." तिनं स्टूल उचललं आणि पहिल्यांदाच पार्टिशनच्या आत नेऊन त्याच्या खुर्चीशेजारी ठेवलं. "तिकडे गेले तर रोज त्याच दिवशी खोटं हसावं लागेल मला. सांगा आता, काल काय म्हणाले ते?"